सत्तर पौंडांचे धनुष्य आणि उचललेला भंडारा

मी, कडुबा फकिरा रिठे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पाटबंधारे खात्याची पेन्शन खाणे, मूळ गाव करमाड, हल्ली मुक्काम सातारा परिसर, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. दारू कधी घेतली नाही, तंबाखू सुटली आहे, आणि कोणी धाकदपटशा करून माझ्याकडून हे लिहून घेत नाही. आमच्या घरात मला धाक दाखवील असे एकच माणूस आहे, आणि ती आत्ता दुपारची पडली आहे.

कलम पहिले. राहते घर स्वकष्टार्जित आहे. माझ्या पश्चात ते माझी पत्नी कस्तुराबाई हिचे. तिच्या हयातीत कोणी विकायची भाषा काढू नये. तिच्या पश्चात मुलगा रामहरी आणि मुलगी ज्ञानेश्वरी यांचा निम्मा-निम्मा हक्क. ज्ञानेश्वरीकडून हक्कसोड लिहून घ्यायला कोणी लाडीगोडी लावू नये. भाऊबीजेची साडी म्हणजे वाटणी नव्हे.

कलम दुसरे. करमाडची जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, ती गेली. तिच्या मोबदल्यातून जे बँकेत उरले आहे ते कस्तुराबाईचे. त्यातून जे उरले नाही, त्याचा खुलासा पाचव्या कलमात आहे.

कलम तिसरे. माझ्या वडिलांची लोकर कातरायची कातर शहागंजातले माझे मित्र धोंडिबा सोन्ने यांना द्यावी. त्यांचे घोंगड्या-दोरखंडांचे दुकान आहे. कातर ते दुकानात टांगतील आणि गिऱ्हाइकाला आपल्याच बापाची म्हणून सांगतील. सांगू द्यावे.

कलम चौथे. शेजारी काकासाहेब यांची लोखंडी शिडी तीन दुष्काळांपासून माझ्याकडे आहे. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते आणि हे गृहस्थ पाइपाला थेट मोटर लावून आख्ख्या गल्लीचे पाणी ओढतात. मी तोंडावर सांगितले, तर म्हणाले, "रिठे, तुम्ही पाटबंधाऱ्यात होते ना, मंग आणा की कॅनॉल दारात." तेव्हापासून शिडी दिली नाही. माझ्या मागे द्यावी, पण त्यांनी मागितल्यावर. आपण होऊन नेऊन देऊ नये.

कलम पाचवे. गच्चीवरच्या टाकीमागे काळ्या पेटीत एक कंपाऊंड धनुष्य, सहा बाण आणि त्यांची पाती आहेत, असे आधी लिहिणार होतो. पण पेटी आता तिथे नाही. ती माझी नात, रामहरीची मुलगी प्रांजली, हिच्या पलंगाखाली आहे. ती तिथे कशी गेली हे लिहिताना माझा कान तापला आहे, तरी लिहितो.

मागच्या दुष्काळात पाणी कधी येईल याचा नेम नसे. मी नळाजवळ खुर्ची टाकून बसायचो आणि रामहरीने दिलेला मोबाइल बघायचो. एक दिवस त्यात अमेरिकेतला शिकारी दिसला. तिकडे एल्क नावाचे हरीण असते. आपल्या रोह्यापेक्षा, म्हणजे नीलगाईपेक्षाही थोराड, तीन-चार क्विंटलचे, डोक्यावर शिंगांचे झाड. तो माणूस थंडगार रानात नळीतून आवाज काढतो आणि ते जनावर त्याला ओ देत चालत येते. मी तीस वर्षे कालव्यावर शेतकऱ्यांना हाका मारल्या, एक जण वेळेवर आला नाही. मला ते बघायचे वेड लागले.

मी धनगराचा पोर. घरी देवाला बोकड पडतो तेव्हा मी बाजारातून काहीतरी आणायचे निमित्त करून निघून जातो, हे सगळ्या भावकीला ठाऊक आहे. त्याच माणसाला तो बाण एल्कच्या बरगडीत गेला की बरे वाटायचे. खोटे कशाला लिहू. कस्तुराबाई विचारी, "काय बघताय एवढं?" मी म्हणायचो, कीर्तन. मेंढरामागे फिरलेल्या बापाचा मुलगा हे चोरून बघतो, याची मला लाज वाटायची आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा नळाजवळ असायची.

मग नुसते बघून भागेना. एल्क मारायचा तर धनुष्य कोणते, याचा अभ्यास सुरू झाला. कंपाऊंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात. ओढताना जोर लागतो, पण पुरते ओढले की जोर उतरतो आणि जनावर आडवे वळेपर्यंत धरून उभे राहता येते. काही जण म्हणतात साठ पौंड ओढ पुरते. मी म्हटले, सत्तर. हलका बाण लांब जातो, पण बरगडीला अडतो. म्हणून बाण जड, कांडी ताठ, पाते न उघडणारे, पक्के बसवलेले. ओढीची लांबी माणसाच्या दोन हातांच्या पसाऱ्यावरून काढतात. मी भिंतीला पाठ लावून हात पसरून उभा राहिलो आणि कस्तुराबाईला खडूने खुणा करायला लावल्या. तिला वाटले पडद्याचे माप आहे. पडदा कधी येतो म्हणून तिने वर्षभर विचारले.

सातारा परिसरात एल्क नाही. रोही मारायला कायद्याने बंदी, आणि मी मारला नसताच. म्हणजे या धनुष्याचा उपयोग शून्य. तरी मी ते मागवले, धोंडिबाच्या दुकानाच्या पत्त्यावर, मोबदल्याचे पैसे मोडून.

त्याच उन्हाळ्यात प्रांजली माझ्याकडे आली होती. ती मैदानावर धनुर्विद्या शिकते. म्हणाली, "आबा, क्लबचं धनुष्य चार पोरी मिळून वापरतो. सर म्हणतात, स्वतःचं असलं तर राज्याच्या निवडीला जाशील. चाळीस पौंडाचं लागंल." मी म्हणालो, पैसे नाहीत, बाळा. ती "बरं" म्हणून गेली. तिने हट्ट केला असता तर मला निदान चिडता आले असते.

टाकी धुवायला रामहरी वर चढला आणि पेटी सापडली. सगळे खोलीत जमले. कस्तुराबाईने विचारले, "आवो, हे कुणासाठी हाय?" एवढेच. कोणी शपथ मागितली नव्हती. मी देव्हाऱ्यातला भंडारा उचलला, कपाळाशी नेला आणि म्हणालो, प्रांजलीसाठी. खंडोबाची आण, तिच्याचसाठी.

आमच्यात उचललेल्या भंडाऱ्यावर पुन्हा प्रश्न नसतो. भावकीतले बांधाचे तंटे तिथे मिटतात. रामहरीच्या डोळ्यांत पाणी आले. सुनेने गोड शिरा केला. पोरगी माझ्या गळ्यात पडली, आणि मी तो शिरा खाल्ला.

पुढचे ऐका. ते धनुष्य तिच्या मापाचे नाही. बोल्ट ढिले करून ओढ साठपर्यंत उतरते, त्याखाली नाही. लांबी माझ्या हातांची आहे, तिचा खांदा त्यात ताणतो. तिचे सर म्हणाले, हे सोड, क्लबचे धर. ती म्हणाली, "आबांनी भंडारा उचलून दिलंय सर. मी दुसरं धरणार नाय. होईल सवय." रोज सकाळी ती सवय करते. मी खिडकीतून बघतो. दात आवळून अर्ध्यापर्यंत आणते, परत सोडते. मला बघितले की हसते.

मागच्या आठवड्यात तिला चमच्याने भात खाताना पाहिले, डाव्या हाताने. दवाखान्यात नेले, तर तिने डॉक्टर प्रेरणा यांना जिन्यावर पडले म्हणून सांगितले. त्या मला बाहेर घेऊन म्हणाल्या, जिन्यावर पडून असा खांदा दुखत नाही, अजून महिनाभर हे चालले तर तिला केस विंचरता यायचे नाहीत. निवड ऑगस्टमध्ये आहे. आणि गल्लीत मात्र माझे नाव निघते, आजोबा असावेत तर रिठ्यांसारखे. काकासाहेबांनीसुद्धा हात जोडले. अशी मान खाली घालायची वेळ मला नोकरीत कधी आली नव्हती.

म्हणून या कलमान्वये जाहीर करतो की, ते धनुष्य मी प्रांजलीसाठी घेतले नव्हते. माझ्या हौसेसाठी घेतले होते. भंडारा खोटा उचलला, त्याचे पाप माझे, तिला कसलेही बंधन नाही. माझ्या पश्चात धनुष्य विकावे आणि तिच्या हातांचे माप घेऊन तिला पेलेल असे घ्यावे. रक्कम कमी पडल्यास माझ्या खात्यातून घ्यावी. कस्तुराबाईने यावर हरकत घेऊ नये.

इथे मी सही करून पाकीट बंद करणार होतो. साक्षीसाठी धोंडिबाला बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, पण त्याने वाचला. दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"कडुबा, तुला काय रोग झालाय का?"

म्हणालो, नाही.

"मंग हे उघडायचं कधी? तुझा बाप नव्वदीचा होऊन गेला. तू मरायची वाट बघत बसशील अन् तवर पोरीचा खांदा जाईल. लई शहाणा हायस. मेल्यावर खरं बोलायला कुणाला भीती वाटते?"

मी म्हणालो, घरात तोंड कसे दाखवू?

तो म्हणाला, "ते मला नाय माहीत. मी असल्या कागदावर सही करणार नाय."

त्याचा राग आला. अजून आहे. कातर द्यायचा विचारही तेवढ्यापुरता रद्द केला होता. पण सही करायला दुसरा माणूस शोधायला निघालो तर दारात प्रांजली पेटी घेऊन मैदानाला निघालेली. मी म्हणालो, आज राहू दे. म्हणाली, "आबा, एक दिवस खाडा केला की मागं पडते मी." पेटी तिने डाव्या हातात धरली होती.

कलम सहावे आणि शेवटचे. कलम एक ते चार माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. कलम पाच याला अपवाद आहे. ते येत्या रविवारी, दिनांक १९ मे रोजी, सकाळचा चहा झाल्यावर, घरातल्या सर्वांसमोर धोंडिबाने मोठ्याने वाचावे. माझ्याने वाचवणार नाही. मी त्या वेळी समोर बसून राहीन, पाणी आले तरी नळाकडे जाणार नाही. "माझ्या पश्चात" हे शब्द त्या कलमातून मी खोडले आहेत, खोडल्याजागी सही आहे. धनुष्याचे गिऱ्हाईक धोंडिबा बघेल. प्रांजलीला मला जे बोलायचे असेल ते तिने त्याच खोलीत बोलावे, मोठ्या माणसाला कसे बोलू म्हणून गिळू नये. ती बोलेपर्यंत मी उठणार नाही.

लिहून देणार: कडुबा फकिरा रिठे (सही)

साक्षीदार:
१. धोंडिबा सोन्ने, शहागंज (सही. आता केली.)
२. डॉ. प्रेरणा गाडेकर, सातारा परिसर (सही. लिहून देणार शुद्धीवर आहेत, रक्तदाब वाढलेला आहे.)

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १६ मे २०२४, गुरुवार