अंगठ्याखालचा खटका

प्रिय ठमे,

खांदा बराय असं मी सगळ्यांना सांगते, तुलाही सांगितलं. बरा कसला डोंबलाचा! ऑपरेशननंतर हात पुरता लांब होतच नाही, आणि बास ट्रॉम्बोनवर खालचे सूर काढायचे तर नळी चांगली दूर सरकवावी लागते. आमचे वाद्यवृंदाचे संचालक गोड आवाजात म्हणाले, की बाई, शुक्रवारच्या तालमीत जमलं तर खुर्ची तुमची, नाहीतर सन्मानाने निरोप देऊ. त्यांचा सन्मान काय चुलीत घालू?

मग कंबर कसली. तोच सूर नळी जवळ ठेवून, अंगठ्याखालचा खटका दाबूनही निघतो. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! पण दूरचा सूर भरदार, खटक्याचा जरा घुसमटलेला, म्हणून त्या बिचाऱ्या खटक्याला मी जन्मभर सावत्रासारखं वागवलं. आता रोज सकाळी खटका दाबून एकच सूर लावायचा आणि दम संपेपर्यंत धरायचा. सुरुवातीला तो असा थरथरायचा, की खालचे शिंपीकाका वर येऊन विचारून गेले, वहिनी, पाण्याची मोटर बिघडलीय का? हसून हसून पुरेवाट झाली माझी. पण हळूहळू सूर मोकळा झाला, आणि एका सकाळी काकांनी मशीन थांबवून ऐकला म्हणे.

शुक्रवारी मात्र फजिती! सवयीने हातही जाईल तेवढा पुढे गेला आणि अंगठ्याने खटकाही दाबला. जो काही आवाज निघाला, तो कुणाच्याच कागदावर नव्हता. सगळे खो खो हसले, मीसुद्धा. संचालकांनी परत वाजवायला लावलं. या वेळी हात आवरला, नुसता खटका दाबला. काय लागला गं सूर! ते एवढंच म्हणाले, चला, पुढचं पान. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळालेली नाही. खुर्ची माझीच राहिली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. जावईबापू बोलता बोलता बोलून गेले, की तू माझ्यासाठी मागची खोली रंगवलीस, पडदेसुद्धा शिवलेस. ऐकून भरून आलं, खरंच. पण बाळा, मी कायमची राहायला येत नाहीये. सुट्टीत येईन, लाड करून घेईन आणि परत जाईन. इथे मी मजेत आहे. हे फोनवर सांगणार होते, पण तू रडली असतीस, आणि तू रडलीस की मी कशालाही हो म्हणते.

तुझीच,
हट्टी आई