जुन्या ट्रकचा तेलाचा डबा

वैष्णवी,

गाडी चालू करायची नाही. तू ऐकणार नाहीस, म्हणून चावी मी सोबतच नेलीय.

सकाळी तुझ्या पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल बघितलं. लाल असायला हवं, ते कोऱ्या चहासारखं झालंय आणि जळका वास मारतंय. कंपनीचं पुस्तक ऐंशी हजार किलोमीटर म्हणतं, पण ते हलक्या गाडीसाठी. आपण मंडपाचे लोखंडी पाइप भरून पालेगावचा चढ चढतो. चाळीस हजारालाच बदलायला हवं होतं, आता बासष्ट झालेत.

इथपर्यंत मी शहाणा. पुढे माती खाल्ली. तेल कमी वाटलं म्हणून आपल्या जुन्या ट्रकचा डबा काढला आणि त्यातलं गिअर ऑइल ओतलं. तीस वर्षं हात तेच करत आले, डोक्याला विचारलंच नाही. ऑटोमॅटिकला पातळ लाल तेल लागतं, हे जाड तेल या गाडीला विष. सगळं उपसून नवं भरावं लागेल. लछमनभाई मेकॅनिक फोन उचलत नाहीत, त्यांना आणायला उल्हासनगरला जातोय. बदलापूरच्या मंडपासाठी सोमाचा टेम्पो नऊला येईल.

दर पाडव्याला आपण ट्रकचं तेल बघायचो, आठवतं? तू टॉर्च धरायचीस आणि थेंब बोटांत चोळून ऐटीत सांगायचीस, "पप्पा, अजून चालेल." ट्रक विकला, तरी उरलेलं तेल मी सात वर्षं जपलं.

डबा आता रिकामा आहे. भंगारवाल्याला देऊन टाक. मी यायच्या आत दे.

पप्पा