शेगडी आणि भगुनं

बिलोली, मंगळवार, संध्याकाळ

आजचं लिहून ठेवते. सकाळपासून लाइट नाही, म्हणजे कोंबडीच्या पिलांवरचा बल्ब बंद. चाळीस पिलं गारठून एकमेकांवर चढायला लागली. मग मी कोळशाची शेगडी पेटवून त्यांच्या खोलीत ठेवली, खिडकीत पोतं कोंबलं, दार लावलं. ऊब बाहेर जायला नको. रात्री त्यांच्याजवळ झोपायचं म्हणून माझी गोधडीही तिथं नेऊन ठेवली. लईच शहाणी मी.

तेवढ्यात शेजारच्या रुक्साना भाभी माझं भगुनं परत द्यायला आल्या. दोन दिवस झाले तरी दिलं नाही म्हणून सकाळीच मी मनात चडफडत होते. रिकामं कसं द्यायचं, म्हणून आज खीर करून आणली म्हणे. पिलं बघायला त्यांनी दार उघडलं आणि आधी ते पोतं ओढून काढलं.

"कोळसा पेटवून दार लावतेत का बाई? काही दिसत न्हाई, वास येत न्हाई, पण जीव जातो."

पिलांनी माना टाकल्या होत्या. ओंजळी भरभरून दोघींनी त्यांना उन्हात आणलं. हळूहळू उठली बिचारी. मग भाभींनी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवल्या. पिलं त्यांना बिलगून बसली.

त्या गेल्यावर गोधडी आणायला गेले. हातात घेतली आणि मग ध्यानात आलं. आज मी इथं झोपणार होते.

भगुनं कालच परत आलं असतं तर?