कपितानच्या पाठीवरचा डाग

पुकावासी, मंगळवार

पूज्य एवारिस्तो काका,

टोपी काढून, मान लववून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? रंधा मारताना मधे मधे उठून उभं राहा, बसल्या जागी तासभर वाकू नका. काकूंचा खोकला गेला का? इकडे बाबांचा गुडघा सोडला तर सगळं ठीक आहे. (गुडघा ठीक नसताना 'सगळं ठीक' लिहावं की नाही, या विचारात मी आधीची दोन पत्रं फाडली.)

बाबा बांधावरून पडल्यापासून ओझी वाहणारे आपले सातही लामा माझ्याकडे आहेत, हे तुम्हाला कळलंच असेल. सहलींच्या एका ऑफिसनं यंदा परदेशी पाहुण्यांचं सामान खिंडीपलीकडे न्यायचं काम आपल्याला देऊ केलं, पण अट घातली. चाचणीची फेरी झाली की त्यांच्या नेलिदाबाई प्रत्येक खोगीर उचलून पाठ बघणार, आणि एकाही पाठीवर ओरखडा दिसला तर काम खालच्या गावच्या गाढवांना. बाबा म्हणाले, काम गाढवांना गेलं तर लामा खाटकाला. बाबा एकदा बोलले की तेच दुसऱ्यांदा बोलत नाहीत, म्हणून मीही पुन्हा विचारलं नाही. ओरखडा दिसणार नाही, एवढं मनाशी पक्कं केलं.

तुम्ही केलेली खोगिरं वेळेत पोचली. लाकूड गुळगुळीत, कण्यावर मोकळी फट, पोटाखालून आवळायला दोन तंग, छातीचा पट्टा, आणि उतारावर ओझं मानेवर येऊ नये म्हणून शेपटाखालून दुमची. बाबांनी एक मांडीवर घेतलं, वास घेतला आणि म्हणाले, ''माझ्या बापानं गोणी आणि दोरावर जन्म काढला. लामाला खोगीर म्हणजे कोंबडीला जोडे.'' मी म्हटलं, बाबा, आपल्या गोणीत बटाटे असायचे, पाहुण्यांच्या सामानात शेगडी असते, तिला कोपरे असतात. ''मग पाहुण्यांना बटाटे खायला सांग,'' ते म्हणाले.

खोगीर कुठे टोचतं ते लामा सांगत नाही. (थुंकतो, पण थुंकण्यावरून जागा कळत नाही.) म्हणून मी आब्दोन दाजींना अंगणात हातापायांवर ओणवं केलं आणि त्यांच्या पाठीवर खोगीर चढवून दोन्ही बाजूंना बारा-बारा किलो बटाटे अगदी तोलून बांधले. (आधी परवानगी घेतली होती, ताईची.) दाजींनी दोन फेऱ्या मारल्या, डाव्या खांद्यामागे टोचतं म्हणाले, मग गालात कोकाची पानं धरून खाली बसले ते उठेचनात. ''वजन जास्त झालं की लामासुद्धा बसतो,'' ते म्हणाले, ''मी तर जावई आहे.'' ती जागा मी सातही खोगिरांवर कानशीनं घासून काढली. मग एकेक खोगीर एकेका लामाच्या मापानं बसवलं: तंगाखाली दोन बोटं जावीत, ना एक ना तीन.

नंतर लामांच्या पाठीवरची लोकर कापली गेली. (कोणी कापली ते पुढे येईल.) ओझ्याच्या लामाची पाठ कातरायची नसते, ती लोकर हीच त्याची गादी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण गेली कापली. झालं, ती खोगिरं थोरल्या भावाच्या सदऱ्यासारखी लोंबायला लागली. चाचणीला निघालो तर पहिल्याच चढावर आपल्या पांढऱ्या लामाचं, कपितानचं, खोगीर फिरलं आणि शेगडी त्याच्या पोटाखाली गेली. कपितान कानांतले गोंडे हलवत उभा राहिला, शेगडी आपण पहिल्यापासून तिथेच वाहतो अशा चेहऱ्यानं. तंग आवळला की कपितान खाली बसायचा, सैल केला की शेगडी खाली. दाजी म्हणाले, ''फाउस्तिना, त्यापेक्षा माझ्यावरच लाद.'' मी परत फिरले आणि नेलिदाबाईंना निरोप पाठवला, पंधरा दिवस द्या. त्यांनी दहा दिले.

घरात एक जाड कांबळं होतं. त्याचे मी तुकडे केले, आत ती कापलेलीच लोकर भरली आणि प्रत्येक खोगिराखाली दोन अशा चौदा गाद्या शिवल्या. पुन्हा निघाले. दर थांब्याला बोटं घालून तंग तपासले. संध्याकाळी ओझी उतरवली की प्रत्येक पाठ तळहातानं चाचपायची, गाद्यांतली कुसळं वेचायची, गाद्या दगडांवर उलट्या टाकून वाळवायच्या. (लोकर जिथे चेपून एका बाजूला वळते, ती उद्याच्या जखमेची जागा, हे बाबांनी मला सहाव्या वर्षी शिकवलं. अक्षरं त्यानंतर.) तीन दिवसांच्या फेरीला पाच दिवस लागले. दाजींच्या मते लामा थकले नाहीत, माझी तपासणी बघणारे थकले. शेवटच्या दिवशी खिंडीत गारा पडल्या आणि सगळे भिजलो.

नेलिदाबाई अंगणातच वाट बघत होत्या. सहा पाठी बघितल्या, स्वच्छ. सातवं खोगीर कपितानचं. ते उचललं तर त्याच्या पांढऱ्या पाठीवर हातभर लाल डाग. बाबा काठी टेकत उठले. मी पुढे झाले, अंगठा ओला करून डाग चोळला आणि बाईंना अंगठा दाखवला. रंग होता, कांबळ्याचा. (बाकीचे सहा काळे-तपकिरी, त्यांच्यावर दिसला नव्हता.) म्हटलं, जखम असेल तर हात लावल्यावर हा तुमच्यावर थुंकेल, लावून बघा. बाईंनी दाबून हात फिरवला. कपितान थुंकला नाही, आणि कपितान एरवी कारण नसतानाही थुंकतो. काम आपल्याला मिळालं. बाबा म्हणाले, ''खोगीर बरं आहे.'' एकदाच म्हणाले.

तुमची आज्ञेतली पुतणी,
फाउस्तिना

ता. क. लोकर मी कापली. ऑफिसच्या पत्रकात 'पाठ स्वच्छ असावी' असं लिहिलं होतं, आणि मला कपितानच्या पाठीत एक कुसळ सापडलं. एक सापडलं म्हणजे आणखी असणार, आणि एकाला असलं म्हणजे सातांना असणार. बाबा बघत होते. त्यांना वाटलं, इतकी काळजीवाली पोर काहीतरी विचार करूनच कापत असेल.

ता. क. दुसरा. कांबळं तुमच्या लग्नातलं. शहरात कसर लागेल म्हणून काकूंनी आमच्याकडे ठेवलं होतं ते. त्याचा रंग पक्का आहे असं काकू दर सणाला सांगतात, त्यांना तसंच सांगू द्यावं. पण डाग बघून आई सगळ्यांसमोर नेलिदाबाईंना म्हणाली, ''रक्त नाही हो बाई, माझ्या जावेचं लग्न आहे ते.'' तेव्हा ही गोष्ट तुमच्यापर्यंत माझ्याआधी पोचू नये म्हणून घाई केली.

ता. क. तिसरा, आणि पत्र याचसाठी. बाईंनी जाता जाता सांगितलं की रंग सोडणाऱ्या गाद्या चालणार नाहीत, पाहुणे रक्त समजून घाबरतील. सोमवारी पहिली फेरी आहे, त्याआधी गाद्या बदलल्या नाहीत तर काम गाढवांनाच. आमच्या घरातली उरलेली सगळी कांबळी आईनं एकावर एक रचली आहेत आणि ती त्यांवर बसून आहे. तुम्ही दोघं पांघरता ते न रंगवलेलं, तपकिरी कांबळं मला हवं आहे. पत्र घेऊन आब्दोन दाजी तुमच्यासमोर उभे असतील. काकू नाही म्हणाल्या तर ते तिथेच खाली बसतील, आणि बसल्यावर ते उठत नाहीत, हे वर लिहिलंच आहे.