x म्हणजे सतरा

३ मार्च, सकाळी १०
ह्यांच्या कॉम्प्युटरवरचं गणिताचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. ते गेल्यापासून आठ महिने मशीन चालूच आहे. बंद करायला वेळ झाला नाही, एवढंच. चौतीस वर्षं गणित शिकवलं, तेव्हा आठवडा पुरे. उद्देश एकच. ज्या समीकरणावरून आमचा शेवटचा वाद झाला, त्यात माझं उत्तर बरोबर होतं हे सिद्ध करणे. शोक वगैरे नाही.

४ मार्च
solve लिहून समीकरण दिलं. माझीच ओळ जशीच्या तशी परत आली. हे असंच करायचे. गॅस बंद केलात का विचारलं, की उत्तर न देता तेच शब्द परत पुटपुटायचे. मागच्या आरामखुर्चीकडे वळून पाहिलं. रिकामी. असणारच.

६ मार्च
भाचीला फोन. ती कॉलेजात हेच शिकवते. म्हणाली, मावशी, तयार फंक्शनचं पहिलं अक्षर कॅपिटल लागतं, कंस चौकोनी. कॅपिटलसाठी कॉन्व्हेंटातल्या सिस्टरची पट्टी बोटांवर खाल्लेली बाई मी. मला कॅपिटल शिकवते.
(चूक कॅपिटलचीच होती.)

७ मार्च, दुपार
Solve. सगळं बिनचूक. उत्तर: १७ हे चल होऊ शकत नाही. मी सतरा लिहिलेलंच नाही. नुसता x चा वर्ग मागितला, तर २८९. टेबलावरचा कागद हलला. खिडकी उघडी असेल म्हणून उठले. लावलेली होती.

८ मार्च
पुन्हा सतरा. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी काय हवंय म्हणून विचारून ठेवलं.

९ मार्च
भाची आली. हसली नाही, हे तिचं नशीब. स्क्रीन वर सरकवत ह्यांच्या शेवटच्या ओळीपाशी थांबली: x = 17. त्या दिवशी चहा गार होतोय म्हणून मी दोनदा ओरडले होते. आलोच म्हणाले, तेवढं लिहून उठले, आणि दारापर्यंतच पोचले.
भाची म्हणाली, मशीनने ते लक्षात ठेवलंय, बंद होईपर्यंत x सतराच राहणार. Clear लिही, मावशी, एका ओळीत पुसलं जाईल.
तिला लवकर घालवून दिलं.

१० मार्च
Clear[x] लिहिलं. एकही चूक नाही. फक्त एंटर राहिलं. मग अक्षरं एकेक करून खोडली.
भाचीला कळवलं, x मला पहिल्यापासून आवडत नाही. y घेऊन सोडवलं. ह्यांचंच उत्तर बरोबर निघालं.
मशीन बंद करायला आजही वेळ झाला नाही. तुमचं बरोबर होतं, असं आरामखुर्चीकडे बघून मोठ्याने म्हटलं. थांबले.
ओळ परत आली नाही.