पेटीवरचा दुसरा मजला

आप्पा, गेल्या आठवड्यात महाडला एका ओळखीच्या बाईंना बघायला दवाखान्यात गेले होते. अर्धांगाचा झटका आलाय, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. राहिलाय तो एकच शब्द, "बरं". काहीही विचारा, बरं. त्यांच्या सुनेला तिथला तरुण डॉक्टर समजावत होता, "ताई, त्या बरं म्हणाल्या म्हणजे त्यांना बरंच म्हणायचंय असं धरून चालू नका. मनात एक असतं आणि तोंडातून भलतंच येतं." सून मान हलवत होती. मी आणलेली मोसंबी स्टुलावर ठेवली आणि बाहेर येऊन बाकावर बसले. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. तरी बराच वेळ मला तिथून उठवेना.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही शाळेतून निवृत्त झालात आणि महाबळेश्वरला जाऊन मधमाश्यांची पेटी घेऊन आलात. आंबेनळी घाट एस.टी.ने उतरलात, पेटी मांडीवर, तिच्यावर ओलं गोणपाट. पोलादपूरच्या थांब्यावर तुम्ही उतरता आहात, डावा कान सुजून लालबुंद झालेला, आणि तरी चेहरा असा की जणू नातवाला घेऊन आलात. आई म्हणाली, "शाळेतली पोरां सुटली, आता ह्या आणल्यात." पडवीसमोरच्या आवळ्याखाली तुम्ही पेटी ठेवलीत. मुंग्या चढू नयेत म्हणून चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या. मी वीस वर्षांची, फायनल पास होऊन शाळेत मास्तरणीची जागा निघायची वाट बघत घरी बसलेली. तुम्ही मला शिकवायला घेतलंत. खालच्या कप्प्यात राणी अंडी घालते, तिथे पिल्लं वाढतात. माश्या वाढल्या की वर दुसरा कप्पा चढवायचा, त्याला तुम्ही मजला म्हणायचात. सगळं शहाणपण एवढंच, की तो कधी चढवायचा. लवकर चढवला तर एवढ्या मोठ्या घरात ऊब धरत नाही आणि रिकाम्या जागेत मेणकिडा शिरतो. उशीर केला तर जागा पुरत नाही म्हणून जुनी राणी निम्म्याहून जास्त माश्या घेऊन निघून जाते.

पहिल्याच थंडीत मी ती चूक केली. तुम्ही लग्नाला उमरठला गेला होतात, चार दिवस. मला वाटलं, आप्पा येतील तेव्हा मजला चढलेला बघून खूश होतील. तुम्ही आलात तेव्हा पेटीच्या दारासमोर पांढरी मेलेली पिल्लं पडली होती, माश्या ती एकेक ओढून बाहेर टाकत होत्या. तुम्ही वाकून एक पिल्लू तळहातावर घेतलंत. "कुणाला विचारलंस?" मी म्हटलं, "तुम्ही नव्हतात." "मग थांबायचं. मला विचारल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही." शाळेतला आवाज होता तो. घरात तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तुम्ही मजला उतरवून माळ्यावर ठेवलात. पावसाळाभर पेटी कशीबशी जगवलीत, आणि दिवाळीनंतर ती पुन्हा भरू लागली.

त्याच पौषात, आंघोळ करून तुम्ही धोतर नेसत असताना खाली बसलात ते बसलातच. उजवा हात, उजवा पाय, वाचा, सगळं एका सकाळीत गेलं. आठवड्यानंतर तोंडातून पहिला शब्द आला, "नाय." आयुष्यभर तुम्ही पोरांना सांगत आलात, नाय नव्हे, नाही म्हणावं. आणि देवाने तुमच्यापाशी तेवढंच ठेवलं. दुखतंय का? नाय. उठवून बसवू का? नाय. आई चहा घेऊन यायची, "घेता ना?" तुम्ही म्हणायचात "नाय" आणि डावा हात कपासाठी पुढे करायचात. म्हणजे महाडच्या डॉक्टरने जे सांगितलं ते आमच्या घरात दुसऱ्याच आठवड्यात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

तुमची खाट आम्ही पडवीत आणली होती, समोर आवळा दिसेल अशी. माघ संपत आला. मी पेटीचं झाकण उघडून बघते तर पोळ्यांच्या साती चौकटी माश्यांनी झाकलेल्या, वरच्या पट्ट्यांच्या कडेला नवं पांढरं मेण. मजला चढवायची हीच खूण तुम्ही सांगितली होती. पण पहाटेचं धुकं अजून होतं, अंगावर घोंगडी लागत होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती पांढरी पिल्लं. मी येऊन विचारलं, "आप्पा, मजला चढवू?" "नाय." "मग थांबू?" "नाय." मी थांबले. रोज विचारायची, रोज नाय. संध्याकाळी माश्यांचा घोस दाराबाहेर दाढीसारखा लोंबायला लागला. तुमचे डोळे पेटीवरून हलत नव्हते. एके दिवशी मी विचारलं तर तुम्ही डाव्या हाताने निर्जीव उजवा हात उचलून मांडीवर ठेवलात आणि त्याच्यावर डावा हात ठेवलात. पुन्हा उचललात, पुन्हा वर ठेवलात. "नाय, नाय, नाय." आई म्हणाली, "हात दुखतोय गो त्यांचा. तेल आण कोमट करून." मी चुलीपाशी गेले. एकावर एक. तेल तापेपर्यंत मला कळलं होतं, आप्पा. मजला माझ्या डोक्यावर माळ्यावरच होता. मी हात वर केला असता तर लागला असता. आणि मी तेलाची वाटी घेऊन बाहेर आले. पुन्हा चुकलं असतं तर कुणाला विचारलंस म्हणून कोण म्हणणार होतं? कुणीच नाही. तरी तुमच्या नायच्या आड उभं राहणं मला सोपं वाटलं. आई हाताला तेल चोळत होती आणि तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत.

तिसऱ्या दिवशी, शिमग्याची लाकडं गोळा करायला पोरं फिरत होती तेव्हा, अकराच्या सुमारास पेटी उठली. आधी आवाज, मग अंगणभर माश्या, उन्हात काळं जाळं फिरावं तशा. ओढ्याकाठच्या सावरीच्या उंच फांदीला त्यांनी लोंबता घोस केला. शेजारचे काका टोपली घेऊन झाडावर चढले. "आलो, आलो," म्हणत निम्म्यावर पोचले होते, तेवढ्यात घोस सुटला आणि घाटाच्या दिशेने गेला. काका वरूनच ओरडले, "गेल्या गो, नाय थांबल्या!" मी वळून बघितलं. तुम्ही रडत नव्हतात. डावा हात नुसता उघडा, मांडीवर पडलेला. मी जवळ येऊन म्हटलं, "चुकलं माझं." तुम्ही म्हणालात, "नाय." त्याचा अर्थ काय लावायचा, ते आजवर मला ठरवता आलेलं नाही.

मागे उरलेल्या माश्यांनी नवी राणी केली, पण ती जोर धरीना. पावसाआधी पेटी रिकामी झाली. तुम्ही कार्तिकापर्यंत होतात.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, हे मलाही कळतं. पण एक गोष्ट उरते. माश्या गेल्या त्या दिवसानंतर मी तुम्हाला काहीही विचारलं नाही. आवणाला, भात लावायला, गडी कुठून आणायचे, म्हैस ठेवायची की द्यायची, एवढंच काय, दासगावच्या शाळेतल्या नेमणुकीचा कागद आला तोही मी आईला वाचून दाखवला, काकांना विचारलं, आणि तुमच्या खाटेवरून आत गेले. तुम्ही मान वर करून बघत होतात. त्यांना त्रास नको, असं मी आईला सांगायची, आणि आईला ते पटायचं. ते खरं नव्हतं, आप्पा. तुम्हाला विचारलं नाही की कामं लवकर उरकत होती.