छातीचं माप

५ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाई हसली. नक्की हसली! मी शर्ट काढला, मग बनियन, मग त्याच्या आतलं दुसरं बनियन. तिसऱ्याला हात घातला तेव्हा ती कागदात बघत होती, पण ओठाचा कोपरा हलला. "अजून आहे का काही आत?" म्हणाली. साधंच विचारलं असं दाखवत होती.

सरकारी दवाखाना, खोली नंबर चौदा, फक्त गुरुवारी. बाहेरच्या बाकावर जो तो दुसऱ्याच्या अंगाकडे बघून अंदाज बांधत होता — याला काय झालं असेल, त्याचं काय कापणार. मी मधूनमधून खोकत बसलो. छातीचा पेशंट वाटावा म्हणून. तसा आहेच म्हणा!

"चरबी नाही ही," बाई म्हणाली. "आतली ग्रंथी वाढलीय. व्यायामाने नाही जाणार. पुष्कळ पुरुषांना असतं." पुष्कळांना? आणि व्यायामाने जाणार नाही? मग एकोणिसाव्या वर्षापासून सतरा वर्षं मी रोज पन्नास जोर काढले ते कोणासाठी?

शस्त्रक्रिया इथे होते. पण नुसती दिसण्यासाठी असेल तर करत नाहीत. त्रास आहे हे समितीला पटलं पाहिजे. किती त्रास सांगायचा? कमी सांगितला तर म्हणतील, घरी जा. जास्त सांगितला तर वेड्यांच्या डॉक्टरकडे पाठवतील. मधलं माप काय ते कोणी सांगत नाही. चार पानी फॉर्म दिलाय, घरी नेऊन भरायचा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

शिलाईच्या दुकानात, जिथे मी कामाला आहे, सांगितलं होतं, दाढ दुखतेय. आज इस्त्रीवाला म्हणाला, "काय भाऊ, दाढ बरी का?" आणि गालाकडे न बघता छातीकडे बघितलं. याला कोणी सांगितलं?

८ फेब्रुवारी, रविवार

फॉर्म टेबलावर होता. मी दूध घेऊन आलो तर बाबा चष्मा लावून वाचत बसलेले! मला बघताच वर्तमानपत्र ओढलं त्याच्यावर. मी विचारलं, काय वाचताय? "काही नाही. हवामान."

बाबांनी जन्मभर बस चालवली. आता रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी घरातसुद्धा जाड बनियन, वर शर्ट, त्यावर जाकीट, सगळी बटणं लावून. मी दुकानातला कटर, अख्ख्या वस्तीच्या छात्या मोजतो — बापाची एकदाही मोजली नाही. "माप कशाला, जुना शर्ट घे आणि तसाच कर." नेहमीचं उत्तर. इतर गिऱ्हाइकं मला हात वर करून देतात. बापाचा माझ्या टेपवर भरवसा नाही.

तसा माझ्यावरही नव्हताच. चौदा वर्षांचा होतो. आईच्या जुन्या कापडाची पट्टी छातीला करकचून बांधून शाळेत जायचो. एकदा बाबांनी बघितलं. पट्टी ओढून काढली, फेकली. एक शब्द नाही बोलले. दुसऱ्या दिवशी दोन जाड बनियनं आणून उशीपाशी ठेवली. पोहायच्या तलावाचा माझा पासही त्यांनीच परत केला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. असला पोरगा लोकांना दिसू नये, एवढंच त्यांना हवं होतं. आज फॉर्म वाचत होते. म्हणजे आता यातही काहीतरी खोडा घालणार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सोनोग्राफी. ते गार गार चिकट छातीवर. मग फोटो — समोरून, डावीकडून, उजवीकडून. मानेपासून वरचं कापतात म्हणे, चेहरा येत नाही. कापतात की नाही ते मी कुठे बघितलं? फोटोवाला म्हणाला, "रिलॅक्स." तू उभा राहा इथे उघडा, मग सांग मला रिलॅक्स!

सिस्टरने टेपने माप घेतलं. टेप जुनाट, टोक झिजलेलं. माझ्या धंद्यातली गोष्ट असल्यामुळे ओठावर आलं होतं, गिळलं. फॉर्म दिला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बायकोला आज सगळं सांगितलं. अर्धा तास तयारी केली होती, कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं. ती कपडे घडी करत होती. म्हणाली, "अहो, अकरा वर्षं झाली लग्नाला. मी काय आंधळी आहे?"

मग बोलली का नाहीस?

"तुम्ही दिवा घालवायचात. मी म्हटलं, यांना नको असेल बोलायला."

मी म्हटलं, तुला किळस येत असेल. ती घडी ठेवून रागाने बघत राहिली. "करा ऑपरेशन. पण स्वतःसाठी करा, माझ्या नावावर खपवू नका." म्हणजे काय? तिला नको आहे? की हवं आहे आणि मोठेपणा घेतेय? दिवसभर कापड कापताना हेच डोक्यात. एक कॉलर उलटी कापली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कागद परत!! लाल शाईने लिहिलंय — 'रुग्णाने लिहिलेला छातीचा घेर ४४, प्रत्यक्षात ४०. माहितीत तफावत. समितीपुढे ठेवू नये.'

खिडकीतल्या कारकुनाशी भांडलो. तुमचा टेप ताणलेला आहे, जुना टेप लांब होतो आणि माप कमी दाखवतो, मी वीस वर्षं हेच काम करतोय! तो म्हणाला, "चार इंच ताणला का हो?" मागच्या रांगेतले हसले. कागद उचलला आणि निघालो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

झोप नीट नाही. मी काय लिहिलं ते मला चांगलं आठवतंय का? फॉर्म चार दिवस टेबलावर पडून होता. आकडा कोणी फिरवला असेल? घरात माणसं तीन. बायको फॉर्मच्या वाटेला गेली नाही. उरलं कोण?

जेवताना बाबांना सरळ म्हटलं, तुम्ही माझ्या फॉर्मवर काही लिहिलंत का? घास तसाच हातात राहिला. "मी कशाला लिहीन?" म्हणाले आणि ताट अर्धं टाकून उठले. चोराच्या मनात चांदणं! बायको म्हणाली, "शोभतं का तुम्हाला?" ती नेहमी त्यांचीच बाजू घेते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

हे लिहायचं की नाही, विचार करत होतो. लिहितो. वही काही कोणाला सांगणार नाही.

सकाळी एका वॉचमनचा युनिफॉर्म कापत होतो. छाती अडतीस घेतली आणि खडूने कापडावर बेचाळीस लिहिलं. अंगाचं माप घ्यायचं, चार इंच सैल धरायचं, आकडा लिहायचा. वीस वर्षं हाताला हेच वळण. डोकं मध्ये येतच नाही.

हात तिथेच थांबला.

फॉर्म मीच चुकवला होता! माझा सगळ्यात चांगला शर्ट चव्वेचाळीसचा, तोच आकडा पाठ. छातीचा घेर विचारला, मी शर्टाचा लिहिला. स्वतःच्या अंगाचं माप मला ठाऊकच नव्हतं. शर्टाचं होतं. शिवताना स्वतःची छाती कधी मोजली नाही. एका शर्टावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा.

दुपारी दुकानाचे मालक, आमचे मास्तर, जेवायला गेले तेव्हा ट्रायलच्या खोलीत शिरलो. कडी लावली. तिन्ही बनियनं काढली. टेप फिरवला. चाळीस. दवाखान्याचा टेप बरोबर होता. आरशात बघितलं, पळ काढला नाही. मिनिटभर तरी थांबलो असेन. फार वाईट वाटलं स्वतःचं. रडू आलं ते इस्त्रीच्या वाफेच्या आवाजात खपून गेलं.

म्हणजे बाबांनी काही केलं नव्हतं. निदान या वेळी.

२२ फेब्रुवारी, रविवार

बाबांची माफी मागायला गेलो. ते आंघोळीला होते. तासभर आतच. मग राहून गेलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सुधारलेला फॉर्म दिला. आज समुपदेशक आणि मग समिती, दोन्ही. समुपदेशक कोवळा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. गोड बोलतो. गोड बोलणाऱ्यांपासून सावध राहावं. विचारलं, "ऑपरेशननंतर पहिली गोष्ट काय कराल?" मी घरून तीन उत्तरं पाठ करून नेली होती. तिन्ही विसरलो. तोंडातून आलं, "उन्हाळ्यात एकच शर्ट घालीन." आणि रडायलाच लागलो. त्याने काहीतरी लिहिलं, लांबलचक. रडणं नाटकी नव्हतं, पण मेलं कामी आलं असावं.

"ऑपरेशनने मनातली भीती लगेच जात नाही बरं का," हेही म्हणाला. ही काय धमकी?

समितीत तिघं. पाच मिनिटं. मंजूर!

तारीख २३ मार्च, सोमवार. घरच्या एका माणसाची सही लागेल. मी कागद तीनदा तपासला. शिक्का खरा आहे.

१ मार्च, रविवार

आज बाबा आपणहून खोलीत आले. चार वर्षांत पहिल्यांदा. दारातच उभे.

"टाके किती पडतात रे?"

थोडे, म्हटलं.

"पूर्ण भूल देतात?"

हो.

मग जाकिटाचं बटण चाळवत म्हणाले, "वयाची अट असते का यात?"

आलं ध्यानात! माझं वय जास्त झालं असं म्हणून अडकवायचं! मी म्हटलं, छत्तीस वय म्हणजे काही म्हातारपण नाही, मंजुरी मिळालीय, आता कोणाला काही करता येणार नाही. ते "बरं बरं" म्हणाले. जाता जाता वळून — "सही मी करू का? येतो मी." सहीच्या दिवशी आयत्या वेळी नाही म्हणायला! बायको करणार आहे, असं ठणकावून सांगितलं.

४ मार्च, बुधवार

इस्त्रीवाल्याने माझ्या वाटणीचे गठ्ठे न सांगता उचलले. का?

९ मार्च, सोमवार

चौदा दिवस राहिले. मंजुरीआधी भीती वाटायची, देतील की नाही. आता वाटते, खरंच देणार!

एक गोष्ट कोणाला बोललो नाही. आयुष्यात जे जे फसलं त्याचं खापर मी या छातीवर फोडत आलो. मित्र नाहीत — हिच्यामुळे. दुकान स्वतःचं काढलं नाही — हिच्यामुळे, गिऱ्हाइकासमोर ताठ उभं राहता येत नाही. आणि ही गेल्यावरही मी असाच निघालो तर? असाच किरकिरा, प्रत्येकाच्या नजरेचा माग काढणारा? मग कशाचं नाव घेणार?

बायकोला हे सांगितलं. ती हसली, पण वाईट हसली नाही. म्हणाली, "किरकिरे तुम्ही राहालच. सवय आहे मला." आज दिवा मी घालवला नाही. तिने घालवला, डोळ्यावर येतो म्हणून.

१३ मार्च, शुक्रवार

वाटलंच होतं!

इस्त्रीवाल्याच्या बायकोचा पाय मोडलाय. काल प्लॅस्टर काढायला तो दवाखान्यात गेला होता. (म्हणून बिचारा महिनाभर मऊ झालाय, स्वतःच्याच काळजीत. माझ्याबद्दल त्याला काडीचं ठाऊक नाही. उगाच संशय घेतला.) चहा पिताना सहज म्हणाला, "भाऊ, तुमचे बाबा दिसले काल. चौदा नंबरसमोर बसले होते. तब्येत ठीक आहे ना?"

चौदा नंबर! गुरुवारी! माझ्या डॉक्टरच्या दारात!

हातातली कात्री खाली ठेवली. ठेवली म्हणजे आदळली.

१५ मार्च, रविवार

खोटं बोलले. तोंडावर. मी विचारलं, गुरुवारी सकाळी कुठे होता? "वाचनालयात." कोणतं पुस्तक आणलं? "मिळालं नाही." कान लाल झाले होते म्हाताऱ्याचे.

काय सांगितलं असेल तिथे? मुलगा चंचल आहे, डोक्याने ठीक नाही, नंतर पस्तावेल? बापाने सांगितल्यावर डॉक्टर विचार करणारच. आठ दिवसांवर तारीख आलीय आणि हे! बायको म्हणते, विचारा ना सरळ. सरळ विचारलं की खोटं मिळतं, आजच मिळालं. येत्या गुरुवारी पुन्हा गेले तर मागोमाग जाणार. तिथेच, सगळ्यांसमोर विचारणार — चौदाव्या वर्षी झाकलंत, आता छत्तिसाव्या वर्षीही झाकूनच ठेवायचंय का मला?

दोन वेळा म्हणून बघितलं. आवाज थरथरतो. तरी म्हणणार.

१९ मार्च, गुरुवार

गेले. मी मागोमाग.

बाकावर नव्हते. आत होते. तिथला पडदा पुरता लागत नाही. शर्ट खुर्चीवर, जाकीट सिस्टरच्या हातात, बाबा हात वर करून उभे. आणि छाती — माझीच! तशीच्या तशी, फक्त केस पांढरे.

डॉक्टरीणबाईने विचारलं, "कधीपासून आहे?"

"मिसरूड फुटलं तेव्हापासून."

"मग इतकी वर्षं आला नाहीत! आत्ताच कसे आलात?"

बाबा जमिनीकडे बघत होते. "मुलगा येऊन गेला ना इथे," म्हणाले. "म्हटलं, त्याला जमलं..."

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. शेजारच्या माणसाने विचारलं, कोणाबरोबर आलात? मी म्हटलं, वडिलांबरोबर.